सिंगलला सिंगल म्हणून ऐका

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने २००४ साली सर्वश्रेष्ठ ५०० गाण्यांची यादी काढली, तेव्हा पहिला मान बॉब डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'ला मिळाला. २०२१ साली त्यांनी नव्याने कौल घेतला आणि तो मान अरिथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'कडे गेला. डिलन चौथ्या क्रमांकावर आला. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, डेव्ह मार्श या समीक्षकाने फक्त सिंगल्सचा, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या तबकड्यांचा, विचार करून १००१ रेकॉर्डींवर जाडजूड पुस्तक लिहिले होते. त्याच्या लेखी पहिली होती मार्व्हिन गेची 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन'. ही तिन्ही गाणी १९६५ ते १९६८ या काळातली. ध्वनिमुद्रणे तीच आहेत, त्यांतला एक स्वरही इकडचा तिकडे झालेला नाही, तरी क्रम बदलतो. 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा विषय मिटवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आवडीवर वाद घालता येत नसेल, पण मापावर घालता येतो, आणि साठच्या दशकातल्या सिंगल्सना आपण गेली पन्नास वर्षे बहुतांशी चुकीचे माप लावत आलो आहोत.

ते माप अल्बमचे आहे. एक कलावंत, त्याने स्वतः लिहिलेले शब्द, त्याची जीवनदृष्टी, चाळीस मिनिटांचा सलग विचार, हे सगळे अल्बमचे गुण. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉकची समीक्षा जन्माला आली ती या गुणांवर पोसत, आणि पुढे तिने मागे वळून आधीच्या सिंगल्सनाही तेच निकष लावले. जी. ए. कुलकर्णींची कथा कादंबरीच्या मापाने मोजून 'पात्रांचा विकास अपुरा राहिला' असे कोणी म्हणाले तर मराठी वाचक ते ऐकून घेणार नाही. सिंगलच्या बाबतीत मात्र नेमके तेच झाले, आणि ज्यांनी सिंगल हाच आपला कलाप्रकार मानला त्यांची जागा याद्यांमध्ये खाली सरकली.

सिंगल ही काय वस्तू होती ते आधी नीट पाहिले पाहिजे. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये दीर्घ वाजणारी एलपी आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने तिला उत्तर म्हणून ४५ फेऱ्यांची, सात इंचांची, मोठ्या भोकाची तबकडी बाजारात उतरवली. ही छोटी तबकडी स्वस्त होती, पोरासोरांच्या खिशाला परवडणारी होती, ज्यूकबॉक्समध्ये बसणारी होती. साठच्या दशकात तिचे खरे घर होते एएम रेडिओ: मोटारीतला, नाहीतर उशाखाली दडवलेला ट्रान्झिस्टर. एकच छोटा स्पीकर, एकच वाहिनी, आणि आजूबाजूला रहदारी, भांडणे, खरखर. गाण्याला आपली ओळख पटवायला सात-आठ सेकंद मिळत. तेवढ्यात पकड बसली नाही तर ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे गेलाच.

वेळेची मर्यादाही कडक होती. तीन मिनिटांच्या पुढचे गाणे रेडिओवाले वाजवायला का-कू करत. निर्माता फिल स्पेक्टरने १९६४ मध्ये रायचस ब्रदर्सचे 'यू'व्ह लॉस्ट दॅट लव्हिन' फीलिन'' काढले ते पावणेचार मिनिटांचे होते. लेबलवर त्याने चक्क ३:०५ असे छापले. ही लबाडी खरी, पण त्या काळात तीन मिनिटांचा धाक केवढा होता हे त्यावरून कळते.

मराठी श्रोत्याला हा धाक परका नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. आपले भावगीत त्याच चौकटीत घडले. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांडेंची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता तबकडीवर आणली. तिथून जो प्रवाह सुरू झाला त्यात सुरुवातीचा वाद्यमेळ किती, कडव्यांमधली जागा किती, शेवट कुठे, हे सगळे त्या मर्यादेने घडवले. ख्यालगायकीचे दिग्गजही त्याच मर्यादेत गायले आणि त्यांतल्या काहींनी तेवढ्यात राग उभा करून दाखवला. ते ऐकून 'पूर्ण मैफल नाही म्हणून हलके' असे जाणकार म्हणत नाहीत. थोडक्यात मांडणे ही वेगळी विद्या आहे, हे ते जाणतात.

आता शब्दांच्या मापाकडे येऊ, कारण डिलनची बाजू घेणारे तिथेच पाय रोवतात. 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची कविता थोर आहे, यात मला शंका नाही. पण ती सिंगल म्हणून थोर झाली ती केवळ कवितेमुळे नव्हे. जून १९६५ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत निर्माता टॉम विल्सन हे ध्वनिमुद्रण करत होता. अल कूपर हा तरुण गिटारवादक तिथे पाहुणा म्हणून आला होता. संधी साधून तो ऑर्गनवर जाऊन बसला. ते वाद्य त्याच्या हातचे नव्हते, म्हणून तो स्वर किंचित मागून, इतरांचा अंदाज घेत टाकत राहिला, आणि त्या मागे रेंगाळणाऱ्या ऑर्गनने गाण्याला त्याचा डौल दिला. सुरुवातीला ड्रमचा एकच कडाडून घाव आणि लगेच सगळी वाद्ये एकदम. ही सगळी सिंगलची करामत आहे. सहा मिनिटांहून लांब असूनही ती बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. तिला पहिल्या ओळीत बसवायला माझी ना नाही. माझा आक्षेप तिला तिथे बसवण्यासाठी जे कारण दिले जाते त्याला आहे.

शब्दांची थोरवी हेच कारण खरे मानले तर 'लुई लुई'चे काय करायचे? पोर्टलंडच्या किंग्जमेन या पोरांनी १९६३ मध्ये ती अगदी किरकोळ खर्चात मुद्रित केली. गायकाचे शब्द इतके अस्पष्ट की त्यांत काहीतरी अश्लील असणार अशी आवई उठली, आणि अमेरिकेच्या एफबीआयने रीतसर तपास केला. तबकडी वेगवेगळ्या गतीने फिरवून पाहिल्यावर त्यांचा निष्कर्ष निघाला की शब्द कळतच नाहीत. शब्द कळत नसतानाही ती दुसऱ्या क्रमांकावर गेली, आणि पुढे गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसलेल्या मुलांच्या पिढ्यांनी तीच आधी वाजवायला घेतली. शब्द बाजूला काढल्यावरही जे उरते ते सिंगलचे मर्म आहे: ताल, आवाजाचा पोत, आणि एकाच वेळी अनेक माणसे एका आवेगात सापडल्याचा प्रत्यय.

या मापाने पाहिले तर साठच्या दशकाचे केंद्र लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को राहत नाही. ते डेट्रॉइटला सरकते, वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन तिथून मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी उभी केली. तो आधी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जोडणीच्या साखळीवर कामाला होता, आणि त्या साखळीची कल्पना त्याने गाण्यांच्या कारखान्यात आणली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, गाणारे वेगळे. शुक्रवारी बैठक बसे आणि आठवड्यातली गाणी मताला टाकली जात. खिशात शेवटचा डॉलर आहे आणि भूक लागली आहे. सँडविच घ्याल की ही रेकॉर्ड? अशी कसोटी तिथे लावली जाई. मिश्रण झालेले गाणे मोटारीत असतो तसल्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघत. गाणे जिथे ऐकले जाणार तिथलाच स्पीकर प्रमाण मानायचा, यात मला कलेशी प्रामाणिकपणा दिसतो.

'कारखान्यातली गाणी' हा शेरा मोटाउनवर नेहमी मारला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. साखळीवर अनेक गाणी एकाच साच्यातून निघाली, एक चालली की तिचीच बहीण पुढच्या महिन्यात बाजारात आली. पण साचा ही कलेतली लाजिरवाणी गोष्ट कधीपासून झाली? अभंगाला साचा आहे, लावणीला आहे. साच्याचा फायदा असा की कसलेल्या कलावंताला 'काय करायचे' यावर वेळ दवडावा लागत नाही, सगळी ताकद 'कसे करायचे' यावर लागते. जेम्स जेमरसनचे बेस गिटार ऐका. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो ज्या वळणाच्या, पुढे झेपावणाऱ्या ओळी वाजवी, त्या त्या काळातल्या कुठल्याही 'गंभीर' रॉक बँडपेक्षा अधिक कल्पक आहेत. आणि मोटाउनच्या रेकॉर्डींवर त्याचे नाव १९७१ पर्यंत छापले गेले नाही.

साखळीचा दोषही सांगितला पाहिजे, आणि तो 'ग्रेपव्हाइन'च्याच गोष्टीत आहे. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांचे हे गाणे मार्व्हिन गेच्या आवाजात १९६७ मध्येच मुद्रित झाले होते. बैठकीत ते नापास झाले. व्हिटफील्डने मग तेच गाणे ग्लॅडिस नाइट आणि पिप्स यांच्याकडून पार वेगळ्या, उसळत्या ढंगात गाऊन घेतले आणि ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. गेचे ध्वनिमुद्रण १९६८ च्या एका अल्बममध्ये भरणा म्हणून टाकले गेले. तिथून ते रेडिओवरच्या निवेदकांनी उचलले. श्रोत्यांचे फोन येऊ लागले. शेवटी सिंगल काढावी लागली आणि ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. गॉर्डीच्या कारखान्याला जे ऐकू आले नाही ते रेडिओपुढच्या लोकांना ऐकू आले. मला या घटनेत सिंगल या प्रकाराची लोकशाही दिसते. शेवटचा निवाडा समीक्षकाचा नाही, निर्मात्याचाही नाही.

पण यावरून 'मग खपाचा आकडाच प्रमाण माना' असा अर्थ कोणी काढू नये. फेब्रुवारी १९६७ मध्ये बीटल्सनी 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' ही दोन गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर काढली. पहिल्या गाण्यात वेगळ्या गतीचे आणि वेगळ्या पट्टीचे दोन तुकडे निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपची गती फिरवून असे सांधले की सांधा ठाऊक नसलेल्याला तो सापडू नये. ही तबकडी ब्रिटनच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर अडली. तिला अडवले एंगेलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'ने. (हम्परडिंकचा जन्म मद्रासचा, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.) आयक आणि टीना टर्नर यांच्या नावाची 'रिव्हर डीप, माउंटन हाय' ब्रिटनमध्ये तिसरी आली आणि अमेरिकेत ८८ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. गाणे तेच, वर्ष तेच, १९६६. आणखी एक गोष्ट: नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने आपली रिदम अँड ब्लूज यादीच बंद ठेवली होती. त्या चौदा महिन्यांत काळ्या श्रोत्यांनी कोणत्या सिंगल्सना उचलून धरले याची त्या नियतकालिकात स्वतंत्र नोंदच नाही. याद्या कोण ठेवतो आणि कोणासाठी, यावर आकडा अवलंबून असतो.

बीटल्सचा विषय निघाला आहे तर एक मुंबईचा धागा सांगायलाच हवा. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांना घेऊन काम केले. त्याच वेळी तयार झालेल्या एका वाद्यमेळावर पुढे लंडनमध्ये त्याचा आवाज चढला आणि 'द इनर लाइट' हे गाणे मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूवर आले. बासरी हरिप्रसाद चौरसियांची होती. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती मागच्या बाजूवर! या मागच्या बाजूंचा इतिहास कोणीतरी निगुतीने लिहिला पाहिजे. पुढच्या बाजूवर धंद्याचे दडपण असे, मागच्या बाजूवर कोणी फारसे लक्ष देत नसे, आणि त्या दुर्लक्षाच्या आडोशाला कलावंत वाटेल ते करून बघत.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र फिल स्पेक्टरचा आहे, आणि त्याला वळसा घालून हा वाद पुढे नेता येत नाही. रॉनेट्सची 'बी माय बेबी' (१९६३) ही कोणत्याही प्रामाणिक यादीत पहिल्या पाचांत येईल. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओतल्या छोट्या खोलीत पियानो, गिटारी, तालवाद्ये यांची गर्दी करून, त्या सगळ्यांचा आवाज प्रतिध्वनीच्या कोठडीतून फिरवून जो एकसंध लोट तयार झाला, तो आजही अंगावर येतो. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने तो मोटारीत ऐकला आणि गाडी रस्त्याकडेला थांबवली. पुढे आयुष्यभर तो त्या गाण्याचा पाठलाग करत राहिला. आणि स्पेक्टर २००९ मध्ये अभिनेत्री लॅना क्लार्कसनच्या खुनासाठी दोषी ठरला, २०२१ मध्ये कैदी म्हणूनच मेला. रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी हिने त्याची पत्नी असताना त्याच्या घरात जो जाच सोसला तो तिने स्वतः सांगितला आहे.

मग हे गाणे यादीतून काढायचे का? माझे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. त्याला थोर कलावंताची सवलत द्यावी म्हणून मी हे म्हणत नाही. मुळात हे गाणे त्याचे एकट्याचे नाही. जेफ बॅरी आणि एली ग्रीनिच यांनी ते त्याच्याबरोबर लिहिले. ज्या चार ठोक्यांनी ते सुरू होते आणि ज्यांची नक्कल पुढे शेकडो गाण्यांनी केली, ते हॅल ब्लेनचे. ध्वनिमुद्रक लॅरी लेव्हिन होता. आणि आवाज रॉनी बेनेटचा: किंचित कंप असलेला, हट्टी, विनवणी करतानाही हुकूम सोडणारा. यादीतून ते वगळले तर शिक्षा तिला होईल. तशी ती एकदा झालेलीही आहे. रॉनेट्सना त्यांच्या रेकॉर्डींसाठी सुरुवातीला सुमारे १५,००० डॉलर मिळाले आणि त्यानंतर स्वामित्वधन मिळालेच नाही. गाणी चित्रपटांत, जाहिरातींत वाजत राहिली. त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने लाखो डॉलर मंजूर केले, आणि २००२ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल बराचसा फिरवला, कारण चित्रपट-जाहिरातींबाबत करारात काही लिहिलेले नसल्याचा फायदा निर्मात्याकडे जातो. ज्या समीक्षेने 'बी माय बेबी'ला 'स्पेक्टरची निर्मिती' म्हणून पन्नास वर्षे गौरवले, तिनेही त्या करारासारखेच वर्तन केले आहे. एकट्या प्रतिभावंताची कल्पना अल्बमकडून उसनी आणली की रॉनीसारख्या बायका आणि जेमरसनसारखे वादक दिसेनासे होतात. सिंगलचे श्रेय मुळातच वाटून द्यावे लागते. ॲनिमल्सच्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'वर (१९६४) बसवणीचे श्रेय फक्त ॲलन प्राइसच्या नावे छापले गेले आणि बाकीच्या चौघांना त्या मोठ्या उत्पन्नातला वाटा मिळाला नाही. तो सल त्या बँडमध्ये कायम राहिला.

तेव्हा एवढे सगळे म्हटल्यावर मी स्वतः कोणती सिंगल पुढे करतो ते सांगणे मला भागच आहे. फोर टॉप्सची 'रीच आउट आय'ल बी देअर', मोटाउन, १९६६.

सुरुवातीला बासरी आणि पिकोलो, उंच आणि एकाकी. मग तालवाद्यांवर घोड्याच्या टापांसारखा ठेका. खाली जेमरसन. मग मुख्य गायक लेव्हाय स्टब्ज. त्याचा आवाज मूळचा खर्जाकडे झुकणारा, पण लिहिणाऱ्या त्रिकुटाने, म्हणजे ब्रायन आणि एडी हॉलंड हे भाऊ आणि लॅमाँट डोझियर यांनी, गाणे मुद्दाम त्याच्या आवाक्याच्या वरच्या टोकाला लावले. म्हणून तो गात असतानाच त्याला धाप लागल्यासारखी वाटते; आधार देणाराच संकटात सापडल्याचा भास होतो. कडव्याच्या शेवटी ताण शिगेला जातो, शब्द संपतात, स्टब्ज नुसता एक हुंकार टाकतो आणि ध्रुपद फुटते. त्यामागच्या बायकांच्या आवाजांना अँडँटीज म्हणत. त्यांचे नावही लेबलवर नव्हते. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे ही सिंगल पहिल्या क्रमांकावर गेली, पण मी ते प्रमाण मानत नाही हे वर सांगितलेच आहे. फोर टॉप्सना स्वतःला ती प्रयोग वाटली होती. बाजारात आणू नका असे त्यांनी गॉर्डीला विनवले होते, हे त्यांच्यातल्या ड्यूक फकीरने पुढे सांगितले. या ड्यूकचे खरे नाव अब्दुल. वडील अखंड हिंदुस्थानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या भागातून डेट्रॉइटला आलेले कारखाना कामगार.

या गाण्याबद्दलची एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती माझ्या प्रतिपक्षाच्या हाती चांगले शस्त्र देते. स्टब्जने ओळी अर्धवट बोलत, अर्धवट ओरडत टाकाव्यात ही कल्पना डोझियरने डिलनवरून घेतली होती, आणि त्याने ती उघडपणे कबूल केली आहे. डिलनचे चाहते म्हणतील, मग मूळ सोडून छाया का निवडता? मी निवडतो, कारण डिलनने त्या शैलीला सहा मिनिटे दिली आणि एका माणसाचा उपहास केला. डेट्रॉइटच्या लोकांनी तीच शैली निम्म्या वेळात बसवली आणि तिच्यातून दिलासा दिला. तीच रीत घेऊन इतक्या कमी जागेत इतके अधिक करणे हे मला मूळ शोधापेक्षा वरचे वाटते. दुसऱ्या क्रमांकासाठी मात्र 'ग्रेपव्हाइन' आणि 'बी माय बेबी' यांच्यात माझा कौल अजून रॉनीकडे झुकतो, आणि मार्शचे पुस्तक हाती घेऊन कोणी समोर बसले तर तो मुद्दा मी सहजासहजी सोडणार नाही.